मला फक्त पाय शेकायचे होते

नाही नाही, मी इथूनच बोलणार. स्टेज राहू दे रिकामं. माइकची वायर इथवर पोचत नसेल तर माइकही राहू दे, माझा आवाज खणखणीत आहे, घरातल्या हातोड्यांवर आवाज चढवून चढवून झालाय तसा... पण भिंतीवरच्या ह्या गरम पाण्याच्या रेडिएटरपासून मला कोणी हलवायचं नाही. तुम्हाला सांगते, थंडी सुरू झाल्यापासून इतकी गरम वस्तू माझ्या पाठीला लागलेली नाही. मघाशी अध्यक्षीणबाईंनी काय सुंदर ओळख करून दिली! 'मिसेस नोरीन थर्लो आज आपल्या महिला मंडळाला सांगतील, की त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी आपल्या जुन्या लाकडी घरातली मूळची फायरप्लेस पुन्हा कशी उभी केली.' उभी केली म्हणे. आणि तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. वाजवा बाई. आमच्या घरी टाळी वाजत नाही, सगळ्यांच्या हातात मोजे असतात.

आता मला सांगा, चांगला चालू असलेला हीटर कोणी भिंतीतून उपटतं का? गॅसचा होता, दिवाणखान्यात, भिंतीत बसवलेला. बटण दाबलं की टक टक टक आणि भप्प... झालं, पेटला. आत खोटे कोळसे होते, खालून लाल दिवा होता, दिसायला अगदी भिकार होता, मान्य आहे, पण मी काय त्याच्याशी लग्न लावणार होते? लग्न माझं आधीच झालेलं होतं, त्याचीच फळं भोगतेय. दिसायला कसाही असो, गरम होता. बूट काढायचे, स्टूल पुढे ओढायचं, पाय ठेवायचे. बास. मला काही राजवाडा नको होता, मला फक्त पाय शेकायचे होते.

पण आमचा गॉडफ्री! आता गॉडफ्री कोण ते तुम्हाला माहीत आहेच, इथल्या निम्म्या जणींच्या नाकावर त्यानेच दिलेला चष्मा आहे. सारी हयात त्याने त्या अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलण्यात घालवली. 'आता हे स्पष्ट दिसतंय... की हे? पहिलं... की दुसरं?' दुकान बंद करून घरी यायचा तेव्हा मी मांडीवर ताट घेऊन एकटीनं जेवून झालेली असायची, आणि तो आल्यावर मला विचारायचा, 'नोरीन, कोट हा बरा दिसतो... की तो?' अशी वर्षांमागून वर्षं गेली. आणि मग रिटायर झाला त्या दिवशी माझा हात हातात घेऊन म्हणाला, 'नोरीन, आपण खेड्यात एक जुनं घर घेऊ. त्यात मोठी फायरप्लेस असेल. एका बाजूला तू, एका बाजूला मी, मध्ये चहा. आता उरलेल्या सगळ्या संध्याकाळी तुझ्या.' आता असं कोणी बोलल्यावर बाईमाणूस काय करणार? मी विरघळले. आईनं मला ठेवलेली इप्सविच शहरातली बंगली विकली. खोलीखोलीत रेडिएटर होते तिच्यात, न्हाणीघरातसुद्धा! हातचं सोडून पळत्याच्या पाठी म्हणतात ना, ते हेच. पण खरं सांगू, मला त्या संध्याकाळी हव्या होत्या हो. रेडिएटर देऊन मी संध्याकाळी विकत घेतल्या, असा माझा हिशोब होता.

घर तुम्ही पाहिलंय. रस्त्यावरनं जाणारे लोक थांबून फोटो काढतात, 'किती गोड, किती वाकडं!' गोड आहेच. लाकडांचा सांगाडा, मध्ये माती-चुना, वर गवताचं छप्पर, आणि एकही रेघ सरळ नाही. टेबलावर उकडलेलं अंडं ठेवलं की ते चालायला लागतं. लाकडं आक्रसलीत, त्यांच्या फटीतून आपल्या सफोक परगण्याचा सगळा वारा आत येतो, चौकशी करतो आणि दुसऱ्या फटीतून जातो. म्हणूनच त्या हीटरवर माझा जीव होता. एवढ्या वाकड्या घरात तेवढी एकच गोष्ट सरळ वागायची.

तर एक दिवस हा भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करत उभा. मी म्हटलं काय करतोयस? म्हणाला, 'पोकळ वाजतंय. मागे काहीतरी आहे.' अहो, कशाच्या तरी मागे काहीतरी असतंच ना! माझ्या कपाटामागेही काहीतरी आहे, म्हणून मी कपाट पाडते का? पण त्याच्या डोळ्यांत ती चमक आली होती. गॅसवाला आला, हीटर घेऊन गेला, गॉडफ्रीनं त्याच्या मागची फळी उचकटली... आणि मागे निघाली आणखी एक फायरप्लेस. बदामी टाइल्सची, माझ्या मावशीकडे होती तशी, जाळी-बिळी सगळी शाबूत. मी म्हटलं चला, संपलं, हीही चालेल. कोळशाची पिशवी आणली, काड्या आणल्या, गुडघे टेकून बसलेसुद्धा. तर हा मागे उभा, हाताची घडी घालून. 'ही मूळची नाही, नोरीन. ही आपल्या आईबापांच्या काळातली आहे. तूच सांग, ही बरी दिसतेय... की हिच्या मागची?'

मी म्हटलं, 'हिच्या मागची मला दिसतच नाहीये गॉडफ्री, मध्ये भिंत आहे.'

'बघ,' तो म्हणाला, 'म्हणजे भिंत काढायला हवी.'

काढली! टाइल्स बागेत गेल्या, माझ्या गुलाबांच्या वाफ्यावर. मागे निघाली लोखंडी, इवलीशी, राणी व्हिक्टोरियाच्या काळातली, दोन्ही बाजूंना लोखंडाचीच फुलं. तुम्हाला सांगते, मी तिच्या प्रेमात पडले. केवढीशी, पण काय सुरेख! अशा लहान चुलीला दोन ओंडके पुरतात, सगळी ऊब बाहेर फेकते. मी दोन खुर्च्या मांडल्या, चहाची किटली भरली. आणि गॉडफ्री म्हणतो कसा, 'छे, व्हिक्टोरियन!' म्हणजे कुत्र्याच्या कानात गोचीड सापडल्यावर माणूस जसं तोंड करतो ना, तसं तोंड करून. तीही गेली गुलाबांवर. तिच्या मागे विटांची कमान. मी म्हटलं कमान तरी राहू दे, मला फक्त पाय शेकायचे आहेत! पण माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कमान गेली. आणि दरवेळी एक थर गेला की भिंत हातभर मागे सरकायची, खोली मोठी व्हायची, आणि खोली मोठी झाली की थंडीही त्या मानानं वाढायची. पावात धूळ, लोण्यात धूळ. मुरंबा चावला की कचकच वाजायचा.

आणि मग शेवटी ती निघाली. खोटं कशाला बोलू, मीही थंडी विसरून पुढे झाले. एवढी मोठी पोकळी, की आपण दोघं-तिघं आत उभं राहू. वर ओकच्या लाकडाची अजस्र तुळई, आत दोन्ही बाजूंना बसायला विटांचे ओटे, आणि मान वर केली की धुराड्यात अडकलेल्या काड्यांच्या मधून आभाळाचा तुकडा दिसतोय, ढग चाललेत. गॉडफ्री आत जाऊन ओट्यावर बसला, चष्मा काढून पुसायला लागला, आणि माझ्या लक्षात आलं की हा रडतोय. मी त्याच्या समोरच्या ओट्यावर बसले. तो म्हणाला, 'नोरीन, सापडली. हीच.' आणि मला वाटलं, जाऊ दे, झालं गेलं, धुळीनं का होईना, पण माझी संध्याकाळ आली. मग वरून एक गार वाऱ्याचा झोत आला आणि थेट मानेत शिरला. पण म्हटलं, पेटवल्यावर थांबेल तो.

पेटवायच्या आधी धुराडं साफ करायला हवं, म्हणून बोलावलं बार्ट्रमला. आता पूर्वीचे धुराडी साफ करणारे काय, काळे कुळकुळीत, दारातून आले की आपण गालिचे गुंडाळायचे. हा आला शनिवारी सकाळी, काळा झुलता कोट, उंच टोपी, खांद्यावर पितळी टोकांचा ब्रश, आणि तोंडाला नीट दोन बोटं काजळी लावलेली. मी म्हटलं, 'तुम्ही आधी दुसरीकडे काम करून आलात वाटतं?' तर म्हणतो, 'नाही बाई, ही लग्नाची काजळी आहे.' तुम्हाला माहितेय, आपल्याकडे नवरीला चर्चच्या दारात धुराडंवाला भेटला की शकुन म्हणतात, त्याला गालावर पापी दिली की संसार सुखाचा. तर आता म्हणे घरोघरी रेडिएटर, धुराडी बंद, म्हणून हा फक्त लग्नंच करतो! उभं राहायचं, पापी घ्यायची, केक खायचा, घरी जायचं. आमच्याकडे येण्याचं कबूल केलं ते वाटेत पडतं म्हणून. आणि अट काय, तर अंगाला काजळी लागता कामा नये.

मी म्हटलं, 'अहो, धुराडं साफ करायला आलात आणि काजळी नको?'

तर मला समजावतो, 'बाई, माझ्या तोंडावरची आहे ती दुकानातली, ती कोणाला लागत नाही. खरी काजळी नवरीच्या पांढऱ्या झग्याला लागते. मागच्या वेळी केवढं रामायण झालं!' ... म्हणजे बघा, आमच्या नशिबी धुराडंवाला आला तोही मूळचा नाही.

तर त्याने जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं, लांब उभा राहिला आणि दोन बोटांत काठी धरून, हलक्या हातानं, एकदाच वर ढोसलं. एकदाच हं! आणि धडाधडा धडाधडा... कावळ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी धुराड्यात कोंबलेल्या काड्या, पिसं, हाडं, मेंढीची लोकर, सगळं खाली. धुळीचा ढग बसला तेव्हा बार्ट्रम नखशिखांत काळा, टोपीत घरटं. आणि त्या ढिगावर, अगदी वर, एक बूट. लहान पोराचा, डाव्या पायाचा, चामडं वाळून लाकूड झालेलं, टाचेशी झिजलेला. बार्ट्रमनं टोपी काढली. मला वाटलं घरटं झटकायला काढली असेल, तर नाही, तो गंभीर झाला होता. 'बाई, हा होता तिथे परत ठेवा. घर बांधताना ठेवलेला राखणदार आहे हा. वाईट काही धुराड्यातून खाली यायला लागलं, तर ह्या बुटात शिरून अडकतं. ह्याला बाहेर काढलंत तर घराला कोणी नाही.' आणि माझ्या न्हाणीघरात तोंड धुऊन, माझ्या आरशासमोर डबीतली काजळी पुन्हा लावून, तो लग्नाला निघून गेला.

गॉडफ्री हसला. शास्त्राचा माणूस ना! त्याने जिल्हा कौन्सिलच्या जुन्या घरांवर नजर ठेवणाऱ्या बाईंना फोन केला, मिस ग्रिग्सना. त्या आल्या, बूट बघून त्यांना आनंदाचं भरतंच आलं, 'काय सुंदर, काय सुंदर' करत कापसात गुंडाळून म्युझियमला दाखवायला घेऊन गेल्या. आणि मग सुरू झालं. पाण्याचा नळ फुटला. पाव फुगेना. गॉडफ्री बागेत दाताळ्यावर पाय देऊन कपाळावर दांडा खाऊन आला. ह्याला कारण शोधायला राखणदार कशाला हवा? नळ थंडीनं फुटला, पाव थंडीनं फुगेना, आणि दाताळं गॉडफ्रीनंच तिथे टाकलं होतं. पण ह्याचं हसणं थांबलं. धुराड्यासमोरून जाताना मान खाली घालून जायचा.

आणि त्याच आठवड्यात माझी घरात घालायची डावी सपात हरवली. सपात म्हणजे, माझ्या बहिणीनं दिलेली, आतून मेंढीच्या लोकरीची, ह्या अख्ख्या प्रकरणात माझ्या पायांचा तेवढा एकच आधार. पलंगाखाली बघितलं, कोळशाच्या खोलीत बघितलं, गुलाबांवरच्या ढिगात बघितलं. शेजारच्यांच्या कुत्र्यावर आळ घेतला, तोंडावर बोलले त्यांना, अजून ते माझ्याशी बोलत नाहीत. एकीकडे मनात भीती, की वय झालं, आता डोकं चाललं. आणि एक दिवस जेवताना, टोस्टवर बीन्स होत्या, हा काटा खाली ठेवून म्हणाला, 'नोरीन, सपात शोधू नकोस.'

मी म्हटलं, 'का?'

'धुराड्यात आहे. बुटाच्या जागी ठेवली. पुढून विटा लावल्या.'

ऐका! चुन्यानं विटा लावल्या! माझी सपात भिंतीत चिणली, ह्या शास्त्राच्या माणसानं! मी म्हटलं, 'अरे, तुझे बूट नव्हते? कपाटभर पडलेत.'

तर खाली बघत म्हणाला, 'वापरलेला लागतो. ज्याच्यात माणसाच्या पायाचा ठसा उमटलाय असा. आणि ज्याच्यावर घर उभं आहे अशा माणसाचा. मग माझा कसा चालेल?'

आता बोला. अशा माणसाला काय करायचं? मला इतका राग आला होता की बीन्सचं ताट त्याच्या डोक्यावर ठेवणार होते, आणि डोळ्यांत पाणी कशाला आलं तेही कळेना. पण बायांनो, डोळे भरून आले म्हणून पाय गरम होत नाहीत. मी म्हटलं, मग उजवीही ठेव, ती एकटी माझ्या काय कामाची? म्हणाला नाही, एकच ठेवायची असते, तसा रिवाज आहे. तेव्हापासून माझा एक पाय लोकरीत आणि दुसरा ह्याच्या क्रिकेटच्या मोज्यात.

पण म्हटलं ठीक आहे, आता राखणदारही बसवला, आता तरी पेटवा. रविवारची दुपार ठरवली. मी केक केला, तो फुगला नाही, पण केला. गॉडफ्रीनं टाय बांधला. दोन खुर्च्या, मध्ये चहा, चांगले वाळलेले ओंडके. काडी ओढली. आणि काय सांगू, पेटली! काय ती ज्वाळा, काय ते चटचटणं. मी मोजा काढला, पाय पुढे केला, अंगठ्याला पहिली ऊब लागली, खरं सांगते, नुसती लागली... आणि धूर थोडा वर गेला, धुराड्यात डोकावला, त्याला काही ते पसंत पडलं नाही, आणि तो आमच्याकडे चहाला आला. सगळाच्या सगळा. खोलीत मला गॉडफ्री दिसेना. त्याचा आवाज तेवढा येतोय, 'नोरीन, आता दिसतंय... की...' आणि खोकला. आम्ही रांगत बाहेर आलो, तर गवताच्या छपरातून सगळीकडून धूर निघतोय, आणि ते न बोलणारे शेजारी नेमके तेव्हाच बोलले, ते फायर ब्रिगेडशी. गावातलीच माणसं सगळी, बंब घेऊन आली, केकसकट सगळं भिजवून गेली. जाताना त्यांचा मुख्य म्हणाला, आतून धुराड्याला इतक्या भेगा आहेत, आणि वर गवत, इथे मेणबत्तीसुद्धा लावू नका.

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं. तेही ओलं. मी म्हटलं, पुरे, गॉडफ्री, मला माझा गॅसचा हीटर परत हवा. तर मिस ग्रिग्स दारात हजर, धूर निघाल्याचं ऐकून. किती गोड बोलतात हो त्या, नकार दिला तरी वाटतं काहीतरी बक्षीस मिळालं. 'मी अगदी समजू शकते, मिसेस थर्लो, तुमच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, कल्पना खरंच छान आहे... फक्त, कसं आहे, इतक्या महत्त्वाच्या चुलीसमोर गॅसचा हीटर, नाही का?' मी म्हटलं, इतकी वर्षं तिथेच होता की. तर म्हणाल्या, 'हो, पण तेव्हा चूल झाकलेली होती. आता ती दिसली आहे.' म्हणजे न दिसणारी चूल मला शेकू देत होती, आणि दिसणारी चूल शेकू देत नाही. आणि भिंतीला रेडिएटर? तर कायद्यानं त्या लाकडांना एकही स्क्रू लावायचा नाही. एक विजेचा हीटर आहे आमच्याकडे, पण त्याची सगळी ऊब फटींतून बाहेर जाते, आमच्या भिंतीला बाहेरून लागून चिमण्या झोपतात.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तर मी मिस ग्रिग्सना चहा देऊन वाटेला लावलं असतं. पण त्या म्हणाल्या, आलेच आहे तर माळ्यावर एक नजर टाकते. गेल्या, आणि बोट काळं करून खाली आल्या. असा चेहरा मी फक्त बाळंतिणीचा बघितलाय. म्हणाल्या, 'मिस्टर थर्लो, तुम्ही बसा आधी.' गॉडफ्री बसला. 'छपराची आतली लाकडं धुरानं काळी झालीत. सगळीच्या सगळी. म्हणजे घर बांधलं तेव्हा धुराडं नव्हतंच. खोलीच्या मधोमध जमिनीवर जाळ असायचा, आणि धूर आपला छपरातून वाट काढत जायचा. ही तुमची फायरप्लेस मूळची नाही. ही कोणीतरी हौशी मालकानं नंतर घातली.'

गॉडफ्रीनं चष्मा काढून ठेवला. आणि तुम्हाला सांगते, तेव्हा मला सगळं लख्ख दिसलं, चष्म्याशिवाय. मधोमध जाळ होता, धूर डोळ्यांत जायचा, पाठ गारठायची, तेव्हा कोणीतरी बाई म्हणाली असेल, मला फक्त पाय शेकायचे आहेत. मग तिच्यासाठी धुराडं झालं. त्या भल्यामोठ्या पोकळीतून ऊब आभाळात जायची, म्हणून तिच्या नातसुनेनं कमान करून ती लहान केली. पुढच्या बाईनं लोखंडाची आणखी लहान बसवली. मग टाइल्सची. आणि शेवटी कोणी पुण्यवान बाईनं सगळ्यावर फळी मारून, समोर गॅसचा हीटर लावला आणि स्टूलवर पाय ठेवून सुस्कारा सोडला. अहो, शेकडो वर्षं एकामागून एक गारठलेल्या बायांनी, एकेक वीट पुढे सरकवत, त्या घराला माझ्या हीटरपर्यंत आणलं होतं! आणि माझ्या नवऱ्यानं ते सगळं एका हिवाळ्यात परत नेलं.

मी हे त्याला सांगितलं. रडून सांगितलं. तो ऐकत होता, मान हलवत होता, माझा हातही धरला त्याने. पण डोळे कुठे होते? सोफ्यावर. सोफा खोलीच्या मधोमध आहे ना!

आता सोफा जिन्याखाली उभा करून ठेवलाय. दिवाणखान्याच्या मध्यभागी दोऱ्या बांधून चौकोन आखलाय, फरशी काढलीय, आणि मिस ग्रिग्सनी पाठवलेले दोन गृहस्थ तिथे पालथे पडून टूथब्रशनं माती घासतात. परवा थोडी लाल भाजलेली माती लागली. मूळची! गॉडफ्रीनं त्यांना मिठी मारली. मी विचारलं, 'इथे जाळ करता येईल?' तर तिघंही माझ्याकडे असं बघायला लागले, जसं काही मी चर्चमध्ये बटाटे भाजायची परवानगी मागितली.

तर आता तुम्ही विचाराल, मग तुम्ही जिवंत कशा, मिसेस थर्लो? सांगते. दुपार कलली की आम्ही मोटार काढतो. समुद्रावर जातो. आपल्याकडचे सगळे म्हातारे-म्हातारी जातात तसेच, पाण्याकडे तोंड करून गाडी लावायची, काचा बंद, थर्मासमधला चहा, समोर राखाडी पाणी, बाहेर कोणी उतरायचं नाही. आमची गाडी जुनी आहे, पण तिचा हीटर काय आहे म्हणता! पायांवर सोडला की थेट बोटांत. मी मोजा काढते, सपात काढते, पाय पुढे करते... एका बाजूला मी, एका बाजूला तो. काचांवर वाफ धरते. हा बोलतो हो माझ्याशी! त्या अंधाऱ्या खोलीत कोणकोण आलं, कोण काय बोललं, एका म्हाताऱ्यानं नवा चष्मा घालून बायकोकडे बघितलं आणि 'तू अजून आहेस होय' म्हणाला... मी हसून हसून चहा सांडला. इतक्या वर्षांत न मिळालेल्या संध्याकाळी मला त्या डांबरी वाहनतळावर मिळाल्या. सुखी होते मी. लाज कशाला वाटायची सांगायला, अगदी सुखी होते.

परवा असेच बसलो होतो. पाय चांगले तापलेले, डोळा लागत आलेला. तर हा बोलता बोलता थांबला. पुढे वाकला. हीटरच्या झडपेवर बोट फिरवलं, मग बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला. आणि म्हणाला, 'नोरीन, हा हीटर गाडीचा मूळचाच आहे का गं... की नंतर कोणी बसवला?'

मी म्हटलं, 'गॉडफ्री, चहा घे.'

तर मैत्रिणींनो... आज मी बसने आले.